रोज तोंड बघणारं माणूस

परवा एका मुलीनं मला विचारलं, "मॅम, दुखेल का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हौ, दुखेल. दोन दिवस चिडचिड होईल, मग दुखणं विसरून तुम्ही आरशासमोर बसाल." मुलगी हसली. माझी सहायक डॉक्टर मात्र चमकून बघायला लागली, कारण आमच्या या काचेच्या इमारतीतल्या हॉस्पिटलात असं बोलायची पद्धत नाही. इथे कोणाला काही दुखत नाही, फार तर 'थोडं डिसकम्फर्ट' होतं. ते उत्तर माझं नव्हतंच. ते भालकीकर सरांचं होतं, आणि त्यातला 'हौ'सुद्धा त्यांचाच.

सर प्लास्टिक सर्जन. चिक्कडपल्लीच्या एका गल्लीत, औषधांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर त्यांचं क्लिनिक होतं. मी लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला आले. नवरा आयटीत, सकाळी जायचा तो रात्रीच उगवायचा, आणि माझी प्लास्टिक सर्जरीची नवी कोरी पदवी घरात बसून कंटाळली होती. कोणीतरी सरांचं नाव सांगितलं म्हणून भेटायला गेले. सरांनी माझी प्रशस्तिपत्रं बाजूला ठेवली आणि म्हणाले, "पुण्याच्या का? मग तुम्हाला बोलायला येतच असेल. इथं ऐकायचं काम जास्त आहे. जमेल?"

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर झाले.

सरांचं घराणं मूळ भालकीचं. पणजोबा निजामाच्या नोकरीत आले आणि इथलेच झाले. वडील वकील, कोर्टात उर्दूत बोलायचे आणि घरी येऊन संध्याकाळी मराठीत स्तोत्रं म्हणायचे. सरांची शाळाही उर्दूच. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात तेलुगू, उर्दू, मराठी तिन्ही भाषा एका ताटात वाढल्यासारख्या असायच्या. पेशंट तेलुगू असला की तेलुगू, जुन्या शहरातला असला की दख्खनी उर्दू, आणि माझ्याशी अशी मराठी, की सुरुवातीला मला ती चुकीची वाटायची. नंतर मीच पुण्याला गेले की "नक्को" म्हणायला लागले, आणि आई म्हणाली, "हे काय गं?"

क्लिनिकचा शनिवार वेगळा असायचा. त्या सकाळी ऑपरेशन नाही, तपासणी नाही. बाहेरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या, सर एका साध्या खुर्चीवर बसायचे, आणि ज्याला चेहऱ्याचं काही करून घ्यायचं आहे त्यानं यायचं आणि फक्त विचारायचं. सगळ्यांच्या देखत. मला हे अजिबात पटलं नव्हतं. माणसं आपल्या नाकाबद्दल चार लोकांत बोलतील का, असं मी म्हणाले. सर म्हणाले, "सगळ्यांचे सवाल एकच असतात. पहिल्यानं विचारला की बाकीच्यांची लाज जाते."

खरंच तेच प्रश्न असायचे. "नोप्पी उंटुंदा, डॉक्टरगारू?" एखादी तेलुगू बाई विचारायची, म्हणजे दुखेल का. सर म्हणायचे, "उंटुंदी अम्मा." दुखेल. मग कुठं, कसं, आणि कशानं थांबेल, ते सांगायचे. बोटॉक्सनं चेहरा दगडासारखा होतो का? डॉक्टरनं हात आवरला नाही तर होतो. रेषा भरायचा फिलर कायमचा राहतो का? नाही, विरघळतो, आणि तेच बरं, कारण माणसाचं मनही बदलतं. सूज किती दिवस? सर दिवस सांगायचे आणि वर पुस्ती जोडायचे, की आरशात जास्त दिवस वाटेल. किती वर्षांनी लहान दिसेन, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "उमर नाही जात. थकलेपण जातं."

जानेवारीत एक जादा प्रश्न यायचा. नामपल्लीची नुमाइश, म्हणजे तिथलं मोठं प्रदर्शन, भरली की अर्ध्या हैदराबादला तिकडे जायचंच असतं, आणि ताजे टाके घेऊन बसलेल्या बायका विचारायच्या, "तोंडावर ओढणी घेऊन गेलं तर?" सर हात जोडायचे. "ती धूळ मला माहीत आहे. पुढच्या साली जा. नुमाइश पळून नाही जात."

लग्न महिन्यावर आलेल्या मुलीला ते तारीखच द्यायचे नाहीत. "अल्बममध्ये सूज हवी का?" म्हणायचे. एकदा एक मुलगा मोबाइलवर कुठल्याशा हिरोचा फोटो घेऊन आला आणि म्हणाला, सर, मला हा जबडा पाहिजे. सरांनी फोटो नीट बघितला. "छान आहे," म्हणाले. "पण हा त्याच्या आईनं दिलाय. मी त्याची आई नाही." सगळा हॉल हसला, मुलगाही हसला, आणि मग सरांनी त्याला जवळ बसवून त्याच्या स्वतःच्या जबड्याचं काय होऊ शकतं ते अर्धा तास समजावलं.

यावरून कोणाला वाटेल, की सर लोकांना परतवून लावायचे. तसं नव्हतं. सुंदर दिसावंसं वाटणं हा काही रोग नाही, तेव्हा त्यावर उपदेशाची गोळी देऊ नये, असं त्यांचं मत होतं. मी एकदा एका बाईला "तुम्ही आहात तशाच छान आहात" म्हणाले, तर ती गेल्यावर मला बोलले. "ती तारीफ ऐकायला आली होती काय? तिनं विचारलं त्याचा जवाब द्यायचा."

मात्र त्यांचा एक कायदा होता आणि तो कोणासाठीही मोडला नाही. दुसऱ्या भेटीला येताना पेशंटनं रोज त्याचं तोंड बघणारं माणूस सोबत आणायचं. नवरा, आई, मैत्रीण, कोणीही. त्या माणसाची परवानगी नको असायची, साक्ष हवी असायची. सर त्याला एकच विचारायचे, "ह्यांच्या तोंडात तुम्हाला अलीकडे काय बदललेलं दिसलं?"

सिकंदराबादचे एक निवृत्त रेल्वे गार्ड आले होते. पापण्यांवरची कातडी ओघळली होती, ती उचलून हवी होती. एकटे राहायचे. सोबत आणला तो पत्त्यांच्या अड्ड्यावरचा दोस्त, तोही निवृत्तच. सरांचा प्रश्न ऐकून दोस्त म्हणाला, "डॉक्टरसाब, सच बोलूँ? ये आदमी कू घमंड आ गया. पत्ते हाथ में लेतेइच गर्दन ऐसी ऊपर करके देखता." आणि त्यानं हनुवटी वर करून दाखवली. सर पुढे झुकले. पापणी डोळ्यावर आली की माणूस नकळत हनुवटी उचलून बघतो. गार्डसाहेबांना दिसतच कमी होतं, आणि ते लाजून फक्त म्हातारं दिसण्याबद्दल बोलत होते. ऑपरेशननंतर दोस्ताची तक्रार आली, की घमंड गेला पण आता हा प्रत्येक डाव जिंकतो.

आणखी एक बँकेतल्या बाई होत्या. पहिल्या भेटीत कायदा ऐकून म्हणाल्या, "माझं तोंड रोज बघणारं कोणी नाही."  मला वाटलं, आता सर काहीतरी गोड बोलणार. सर म्हणाले, "मग सध्या आम्ही बघतो. येत जा." त्या आल्या, दर शनिवारी आल्या, नुसत्या बसल्या, आणि पुढे त्यांनी ओठांच्या बाजूच्या रेषा भरूनही घेतल्या. त्यांना ते आवडलं. अजून दिवाळीला त्यांचा फराळ येतो आणि चकल्या नरम असतात.

सरांचे डोळे गेले ते असे एकदम नाही. एका दुपारी आम्ही एका मुलाचा फाटलेला ओठ शिवत होतो. सरांनी एक टाका घेतला, थांबले, हत्यार ट्रेमध्ये ठेवलं आणि मला म्हणाले, "पुढचं तू कर." आवाज नेहमीचा. बाहेर आल्यावर हात धुताना सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, नजरेच्या ऐन मधोमध धूर बसलाय, कडेकडेचं दिसतं. दार दिसतं, खुर्ची दिसते, खुर्चीवर माणूस बसलंय हे दिसतं. "तोंड दिसत नाही," म्हणाले. "जिकडे बघतो तेच जातं." जन्मभर चेहरे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या नजरेतून नेमके चेहरेच जावेत, याचा मला इतका संताप आला की मी नळ बंद करायची विसरले. सरांनीच तो बंद केला.

त्या दिवसापासून त्यांनी हत्याराला हात लावला नाही. ऑपरेशनं माझ्याकडे आली. मला वाटलं आता शनिवारही बंद होणार. पण पुढच्या शनिवारी ते खुर्चीवर बसले आणि सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाकलं, "मला तुमची तोंडं दिसत नाहीत. काय वाटतं ते तुम्हीच सांगा." दोघं-तिघं उठून गेले. बाकीचे राहिले. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, की लोक आधीपेक्षा जास्त बोलायला लागलेत. कोणी टक लावून बघत नाही म्हटल्यावर बायका आपल्या गालाबद्दल, हनुवटीबद्दल, नवऱ्यानं कधी काय म्हटलं त्याबद्दल मोकळ्या व्हायच्या. सर मान किंचित बाजूला वळवून, नजरेच्या कडेनं त्यांच्या आकाराकडे बघत ऐकायचे. मला कधीकधी वाटायचं, आता हेच एक काम त्यांच्या हातात उरलंय आणि ते गेलं तर सर राहणार नाहीत.

घरी ते आणि त्यांच्या पत्नी विमलकाकू, दोघंच. मुलगी परदेशात. घर क्लिनिकपासून पायी जाण्यासारखं. काकू शनिवारी स्वतः सरांचा डबा घेऊन यायच्या, दारातूनच "जेवायला उशीर करू नका" म्हणून परत जायच्या. ठसठशीत बाई, नाकात खड्याची चमकी, बोलणं थोडं आणि नेमकं. मग कधीपासून तरी डबा शेजारच्या सरोजम्मा आणायला लागल्या. सरोजम्मा म्हणजे काकूंची तेलुगू मैत्रीण, मोठ्या आवाजाची. काकू कशा आहेत विचारलं की म्हणायच्या, "बागुन्नारू." बऱ्या आहेत. आणि दुसरीकडे बघायच्या.

एका शनिवारी दोघी एकत्र आल्या. काकू मागच्या रांगेत बसल्या, पदर नाकावरून घेतलेला. मी उठले तर त्यांनी हातानंच मला बस म्हणून खुणावलं. सरांना काहीच कळलं नाही. त्यांच्या दृष्टीनं मागच्या रांगेत आणखी एक धूसर बाई बसली होती.

चारदोन प्रश्न झाले आणि सरोजम्मा उभ्या राहिल्या. त्या मोडक्या मराठीत आणि तेलुगूत मिळून म्हणाल्या, की एका बाईच्या नाकपुडीला जखम आहे. चमकी घासून झाली असेल म्हणून चमकी काढली. हळद लावते, तूप लावते. खपली धरते, पडते, पुन्हा रक्त येतं. बरेच महिने झाले. काय लावावं?

सर सरळ बसले. "काही लावू नका. चमकीची जखम चमकी काढली की भरते. भरत नसेल तर ती चमकीची नाही." मग त्यांच्या नेहमीच्या, आडपडदा नसलेल्या पद्धतीनं सांगितलं. "हा कातडीचा कॅन्सर असू शकतो. घाबरवायला नाही सांगायलो. हा सहसा लांब पसरत नाही, पण बसला की जागा खात जातो. लवकर काढला तर बाई पूर्ण बरी होईल. उशीर केला तर जास्त नाक जाईल. आजच दाखवा."

सरोजम्मा उभ्याच होत्या. सरांचा आवाज थोडा चढला. तो असा क्वचितच चढायचा. "इतके महिने? घरात तिचं तोंड बघणारं कोणी नाही काय? नवरा आहे ना? त्याला दिसलं नाही?"

सरोजम्मांनी मागे काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली, नको म्हणून. पण सरोजम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या हळू म्हणाल्या, "मी आविडदे, डॉक्टरगारू."

म्हणजे, तुमच्याच बायकोचं.

मी सरांकडे बघू शकले नाही.  सर उठले. खुर्च्यांच्या पाठींना हात लावत रांगेरांगेनं मागे जायला लागले. काकू नेमक्या कुठे बसल्यात ते त्यांना दिसत नव्हतं. ते भलत्याच टोकाला वळले तेव्हा काकू म्हणाल्या, "इकडं."

शनिवार तिथंच संपला. मी काकूंना आत नेलं, तपासलं. सरांची शंका खरी वाटत होती, आणि आठवडाभरात तपासायला पाठवलेल्या तुकड्याच्या रिपोर्टनं ती खरी ठरवली. त्या आठवड्यात काय झालं ते काकूंनी मला नंतर सांगितलं.  पहिल्या संध्याकाळी सरांनी विचारलं, "हळद कधी लावायचीस?" काकू म्हणाल्या, सकाळी, चहानंतर. "माझ्यासमोर बसून?" "हौ." सर म्हणाले, "वास यायचा. मला वाटलं स्वैपाकाचा आहे." आणि आत निघून गेले.

"आधी का नाही सांगितलंत?" मी काकूंना जरा रागानंच विचारलं. काकू म्हणाल्या, "सांगितलं असतं तर त्यांना पहिलं हेच वाटलं असतं, की मला दिसलं कसं नाही. म्हटलं भरून येईल, कशाला त्यांच्या जिवाला घोर."  बाईंचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता आणि त्यापायी नाकपुडी जायची वेळ आली होती.

ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात, मोठ्या सर्जनकडून करून घेऊ, असं मी सुचवलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. सर म्हणाले, "तुझा हात मला माहीत आहे. तूच कर." काकूंबरोबर रोज तोंड बघणारं माणूस म्हणून तेच आले. कायद्याप्रमाणे मी त्यांना त्यांचाच प्रश्न विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही.

प्रश्न त्यांनीच मला विचारले. दुखेल का? दुखेल. किती कापशील? कडा साफ येईपर्यंत. नाकपुडी कशानं भरशील? गालाची कातडी वळवून. हे सगळं त्यांनीच मला शिकवलं होतं, तरी एखाद्या घाबरलेल्या नवऱ्यासारखे ते विचारत होते, आणि तेच पुन्हा विचारत होते. मी त्यांच्याच पद्धतीनं उत्तरं देत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "व्रण दिसेल?"

मी म्हणाले, "गालाच्या घडीत बसवते. पण जवळून बघणाऱ्याला दिसेल."

सर म्हणाले, "जवळून बघणारा मीच." आणि थोड्या वेळानं, "ठीक आहे. कर."

मी काकूंच्या नाकपुडीचं निम्म्याहून जास्त पाळं काढलं. कडांचा रिपोर्ट साफ आला, कॅन्सर उरला नव्हता. पण वळवलेली कातडी जगते की काळी पडते, हे कळायला काही दिवस जावे लागतात, आणि ती काळी पडली असती तर काकूंच्या चेहऱ्याच्या मधोमध भोक राहिलं असतं. पहिली पट्टी उघडताना सर माझ्या शेजारी उभे होते. "रंग सांग," म्हणाले. मी म्हणाले, गुलाबी आहे, टोकाला थोडा जांभळट. "गोड करून नक्को सांगू." मी म्हणाले, नाही सर, जांभळट आहे म्हणूनच सांगते. मग त्यांनी हात धुतले, वेळ घेऊन, जुन्या सवयीनं कोपरापर्यंत, हातमोजे चढवले, आणि मला म्हणाले, "बोट ठेव माझं."

मी त्यांचं बोट धरून त्या कातडीच्या टोकावर हलकेच ठेवलं. काकूंनी लाजून डोळे मिटले. इतक्या वर्षांच्या संसारात चार माणसांत त्यांनी एकमेकांचा हातसुद्धा धरला नसेल. सरांनी बोट तिथं ठेवलं, मग शेजारच्या गालावर, मग पुन्हा तिथं.

"गरम आहे," म्हणाले. "जगतंय."

आणि सर रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "अहो, टाक्यांवर पाणी पडेल." मग मीही रडले. टाक्यांवर काही पडलं नाही.

कातडी जगली. टोकाचा जांभळटपणा गेला, पुढे आणखी एक छोटं ऑपरेशन करून नाकपुडीला आकार दिला. व्रण आहे. चमकी काही त्या बाजूला पुन्हा घालता आली नाही. सरांनी शनिवार पुन्हा सुरू केले आणि काकू त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला लागल्या. व्रण कसा दिसतो असं एखाद्या बाईनं विचारलं की काकू तोंड पुढे करायच्या, "बघा, असा." आणि त्या दोघींमध्ये बायकांचं जे बोलणं व्हायचं त्यात सरांना जागाच नसायची. ते ऐकत बसायचे. जागा गेल्याचं त्यांना वाईट वाटतंय असं दिसत नव्हतं.

मी पुढे या मोठ्या हॉस्पिटलात आले. क्लिनिक बंद झालं. सर गेले त्याच्या आदल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले होते, सकाळी, हॉस्पिटलला जायच्या आधी, न कळवता. सरांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

फाटकाशीच थांबले. व्हरांड्यात दोघं समोरासमोर बसली होती, मधे रिकामे कप. काकूंनी डोळे मिटून तोंड वर केलं होतं आणि सर दोन्ही हातांच्या बोटांनी ते बघत होते. आधी कपाळ, भुवया, पापण्या, कानांच्या मागे, मानेवर. घाई नव्हती. प्रत्येक तीळ, प्रत्येक पुटकुळी चाचपत, डॉक्टर तपासतो तसंच. नाकापाशी आल्यावर एक बोट त्या व्रणावरून खालपर्यंत गेलं, पाळ्याशी थांबलं आणि हनुवटीकडे वळलं.

काकूंनी डोळे उघडले आणि मला बघितलं. त्या जराशा ओशाळल्या. पण तोंड मागे घेतलं नाही. सरांना कळू नये इतक्या हळू आवाजात, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, अन् आत्ता कुठं बघायलेत."

सरांनी ते ऐकलं. "हलू नक्को," म्हणाले.

मी फाटक ढकललं नाही. त्यांचं बघून होईपर्यंत तिथंच उभी राहिले.